प्रोग्रॅम लिहावयास कसे शिकावे?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने करावयाच्या कामाची लेखी यादी. यंत्र आपल्या मनातले ओळखत नाही. सांगितले तेवढेच आणि सांगितले तसेच करते. हे सांगण्याची विद्या नवशिक्याने कशी शिकावी, यावर जाणकारांतच जुना वाद आहे. तो तुमच्या-आमच्याही कामाचा आहे. पगारपत्रकापासून दवाखान्यातील यंत्रापर्यंत आज याच याद्या चालतात.

पूर्वी संगणकाचा वेळ फार महाग. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून द्यावयाचा आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उत्तर आणावयास जावयाचे. एक स्वल्पविराम चुकला की दिवस फुकट. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांना हाताशी धरून, एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली, आणि ‘बेसिक’ नावाची सोपी भाषा काढली. चूक स्वस्त झाली. माझ्या मते भाषेपेक्षा हीच गोष्ट मोठी. लेथवर शिकणाऱ्या पोराने जॉब बिघडवला की त्याचा पगार कापणारे मालक मी पाहिले आहेत. तेथे पोरगा लेथ शिकत नाही, बिघडलेला जॉब लपवावयास शिकतो.

१९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. पुढे तिच्यात एक कासव आले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की ते चौरस काढते. मग मूल समभुज त्रिकोण काढू पाहते. शाळेत त्याचा कोन ६० अंशांचा शिकविलेला. म्हणून वळण ६० देते. कासव तीन बाजू काढूनही परत येत नाही, अर्धा षट्कोन उमटतो. पॅपर्टचे म्हणणे, येथे मुलाला उत्तर सांगू नये. त्याने स्वतः कासव होऊन जमिनीवर चालावे. चालताना कळते की आतला कोन वळावयाचा नसतो, आपल्या सरळ वाटेपासून फिरावयाचे असते, म्हणजे १८० वजा ६०, १२०. अशा तीन वळणांत एक पूर्ण फेरी होते. हे ज्याला पायाने कळले तो विसरत नाही.

एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच शास्त्रज्ञ अगदी उलट टोकाचा. टेक्सासच्या विद्यापीठात असताना १९८८ साली त्याने लिहिले की, नवशिक्याला शिकवावयाची भाषा तेथील कोणत्याही यंत्रावर चालूच नये. प्रोग्रॅम कागदावर लिहावा आणि तो बरोबर असल्याचे गणिताने सिद्ध करावे. करून पाहिल्याने चूक सापडते; चूक उरली नाही हे मात्र कधीच कळत नाही.

पाळी संपवून थकून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सिद्धता दिली तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, म्हणून मी आरंभ कासवापाशी करीन. पण तेथेच थांबू देणार नाही. (क्लासमध्ये फी घेऊन आज्ञा पाठ करून घेतात त्या तिसऱ्या मार्गाविषयी बोलण्यासारखे फारसे नाही.) डाइक्स्ट्राचे बोलणे कठोर होते, खोटे नव्हते. थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणयंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ मध्ये घडले ते असे: तंत्रज्ञ बाईंनी एक अक्षर चुकीचे टाइप केले आणि झटकन सुधारले. यंत्रातील चुंबके जागेवर येण्यास सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली सुधारणा पडद्यावर दिसे, पण यंत्रापर्यंत पोहोचत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष भेटलाच नसता. कंपनीच्या इंजिनियरांना तो आपल्याकडे घडवून आणता येईना. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्या बाई यंत्रापाशी बसले, तेच तेच पुनःपुन्हा टाइप करीत राहिले आणि दोष पकडला. मग इंजिनियरांना कळविले की, हात भरभर चालला पाहिजे.