ट्रॅक्टरचालक आणि रस्त्यावरील चिन्हे

ट्रॅक्टर रस्त्यावर चालविण्यासाठी परवाना आवश्यक असतो. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत वाहतुकीच्या चिन्हांवर प्रश्न विचारले जातात व किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. चिन्हे एकेक पाठ करण्यापेक्षा प्रथम त्यांचे आकार ओळखण्यास शिकावे.

लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई दर्शविते, तर निळे वर्तुळ सक्ती. लाल कडेचा त्रिकोण पुढील धोक्याची सूचना देतो. उदाहरणार्थ वळण, तीव्र उतार, अरुंद पूल किंवा रेल्वे फाटक. निळ्या चौकोनी पाट्या माहिती देतात. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी असते. रस्त्याच्या मध्यावरील तुटक रेषा मार्ग मोकळा असल्यास ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडू नये.

या ज्ञानाचा खरा उपयोग परीक्षेनंतरच होतो. उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून उताराचा त्रिकोण दिसताच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा. ब्रेकची दोन्ही पेडले एकमेकांस जोडलेली असावीत. उतारावर गिअर काढून ट्रॅक्टर कधीही सोडू नये. सायंकाळी पाटीवरील चित्र अस्पष्ट असले, तरी तिचा आकार आधी ओळखू येतो, आणि वेळीच सावध होण्यास तेवढे पुरेसे असते.