हनुवटी कुठे सरकली?

दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो शोधा आणि आजच्या सेल्फीशेजारी ठेवा. हनुवटी जागेवर आहे ना? हसू नका, जबड्याची तक्रार घेऊन गेलात तर डॉक्टरही जुने फोटो मागतात.

कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. जांभई देताना तिथे नुसतं 'कट्' वाजतं, दुखत नाही, तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. पण हनुवटी हळूहळू एका बाजूला चाललीय, एकीकडच्या दाढा मिटतच नाहीत, असं दिसलं तर? क्वचित कधी सांध्यात गाठ वाढत असते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणजे हाडाला फुटलेला कोंब, वर कूर्चेची टोपी. कॅन्सर नव्हे, पण हनुवटीला विरुद्ध बाजूला ढकलतो. दुसरा प्रकार सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस. यात सांध्याच्या अस्तरात कूर्चेचे बारीक खडे तयार होतात आणि सुटून आत फिरतात.

आता खरी गंमत फोटोंची. ओपीजी हा अख्खा जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे. स्वस्त, म्हणून आधी तोच. पण खड्यांत कॅल्शियम साचलेलं नसेल तर ते त्यात दिसतच नाहीत, आणि 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणत आपण घरी! सीटी किंवा सीबीसीटीत हाड थराथरांत दिसतं. कोंब फुटलाय, की सांध्याचं अख्खं टोकच मोठं झालंय? हे बघावंच लागतं, कारण ऐन तुमच्या वयात ते टोक गाठीशिवायही एका बाजूने वाढू शकतं. कूर्चा, चकती, सांध्यातलं पाणी बघायला एमआरआय. वाढ अजून चालू आहे का, याचा अंदाज बोन स्कॅन देतो. ती चालू असताना नुसत्या ब्रेसेस लावल्या तर दात पुन्हा हलणार, पैसे पाण्यात. शेवटचा शब्द मात्र काढलेल्या गाठीच्या तपासणीचा.

आपल्या उमरखेडात तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत म्हटलं, की पहिला प्रश्न खर्ऱ्याचा. रास्तच आहे, खर्ऱ्याने गाल आतून ताठर होतात. खरं उत्तर द्या. पण खर्रा खातच नसाल, तर "सांध्याचा फोटो काढायचा का?" हे स्वतःहून विचारा. पैनगंगा ओलांडली की नांदेड जवळ. सरकारी दंत महाविद्यालय हवं तर नागपूर. जाताना आधीच्या फिल्म सोबत न्या. जुनी आणि नवी शेजारी लावली, की वाढ किती झाली ते मोजता येतं.