पडद्यावर थांबवलेला चेहरा

वाशीम, रिसोड, मानोरा भागातल्या घरांत जुनी ट्रंक उघडली, तर सातबारा आणि रेशनकार्डाच्या घडीत कधीकधी पहिलं मतदार ओळखपत्र निघतं. पत्त्यात जिल्हा अकोला, कारण वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आणि कडेला काळपट, ओळखू न येणारा चेहरा. ‘फोटो बिघडवला’ असं म्हणून आपण तो विषय संपवतो. मला मात्र तो चेहरा फार मोलाचा वाटतो.

मतदाराचा फोटो काढण्याचा प्रयत्न १९६० मध्ये कोलकात्यातल्या एका पोटनिवडणुकीत झाला होता. अनेक स्त्रियांनी फोटोला नकार दिला आणि तो बेत बारगळला. ऑगस्ट १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी देशभर फोटो ओळखपत्रांचा आदेश काढला. एवढ्या लोकांचे फोटो काढायचे कसे? काही ठिकाणी साधा कॅमेरा वापरला, तर काही ठिकाणी व्हिडिओ कॅमेरा थेट संगणकाला जोडला. रीळ नको, धुलाई नको.

व्हिडिओ कॅमेऱ्याचं चित्र संगणकात आणणाऱ्या, संगणकात बसवलेल्या कार्डाला फ्रेम ग्रॅबर म्हणत. आपल्याकडच्या तेव्हाच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत चित्र ६२५ ओळींचं असे आणि सेकंदाला २५ चित्रं येत. त्या वाहत्या संकेतातलं एक चित्र पकडून ते ठिपक्यांत, म्हणजे आकड्यांत बदलायचं. केंब्रिजच्या संगणकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर नजर ठेवायला हीच युक्ती वापरली. त्यांचं चित्र होतं अवघं १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं.

पहिली अडचण चित्राच्या त्या ओळींतच होती. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. तेवढ्यात बाईनं पदर सावरताना मान हलवली की कानाची कड करवतीसारखी दातेरी होई. कॅमेरा उजेडाचा हिशेब सगळ्या चौकटीचा करी. मागे चुन्याची पांढरी भिंत किंवा उघडं दार असलं की शेतात रापलेला चेहरा आणखीच काळवंडे. ७६८ गुणिले ५७६ ठिपक्यांचं एक कृष्णधवल चित्र ४३२ किलोबाइट जागा खाई, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम तीन चेहरे. मग चित्र लहान करणं आलंच, आणि त्यावर छपाईचे जाड ठिपके. माझ्या मते चेहरा बिघडण्यात माणसाच्या हलगर्जीपेक्षा यंत्राच्या मर्यादेचा वाटा मोठा होता.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हाही चेहरा संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यानंच टिपला होता. मधल्या काळात यंत्र सुधारलं.

लग्नाच्या घोळक्यातला फोटो सोडला तर एकटीचा, खाली स्वतःचं नाव छापलेला फोटो आपल्या कितीतरी आज्यांना त्या पहिल्या मतदार कार्डानं पहिल्यांदा दिला. तेव्हा नवं रंगीत कार्ड आलं म्हणून जुनं फेकू नका. एका पाकिटात ठेवा आणि पाकिटावर गावाचं नाव, साल आणि आजीचं माहेरचं नाव लिहा.