घरी छापायच्या फोटोला शाई कोणती, कागद कोणता?

माजघराच्या भिंतीकडे आज जरा नीट पाहा. आजोबांचा काळा-पांढरा फोटो पन्नास-साठ वर्षांनंतरही बहुतेक घरांत ओळखू येतो. त्याच्याच शेजारी १९८० च्या सुमाराचा लग्नातला रंगीत फोटो असेल, तर तो तांबूस पडलेला दिसेल. शालूचा हिरवा रंग शोधूनही सापडत नाही. आणि चार वर्षांपूर्वी मुंबईच्या पुतण्याने घरच्या यंत्रावर छापून आणलेला नातवाचा फोटो कधी कधी या दोघांच्याही आधी विटतो.

असे का व्हावे? काळ्या-पांढऱ्या फोटोतले चित्र चांदीच्या बारीक कणांचे असते. जुन्या रंगीत फोटोत मात्र विरघळणारे रंग होते. त्यांतला निळसर रंग आधी गेला, म्हणून फोटो तांबडा दिसू लागला. घरच्या यंत्राच्या शाईचेही असेच दोन प्रकार आहेत. ते एकदा समजले की बाजारात फसगत होणार नाही.

शाईचे दोन प्रकार

पळसाच्या फुलांचा रंग पाण्यात पूर्ण उतरतो. होळीला तो छान दिसतो, पण कपडा चार उन्हे खाताच फिका पडतो. गेरू मात्र पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण तळाशी बसतात. म्हणूनच गेरूने सारवलेला ओटा उन्हात रंग धरून राहतो. दुकानदार जिला ‘डाय’ शाई म्हणतो, ती पळसाच्या जातीची. जिला ‘पिगमेंट’ म्हणतो, ती गेरूच्या जातीची.

डाय शाई स्वस्त असते व चकचकीत कागदावर रंग खुलवते. पण साध्या कागदावर तिला पाणी लागले की ती पसरते आणि उजेडात लवकर विटते. पिगमेंट शाई महाग, पण टिकाऊ. आपल्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिलेल्या आहेत. काजळ म्हणजे कणच, म्हणून ती अक्षरे आजही काळीभोर आहेत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिले मराठी पंचांग शिळाछापावर छापले, तेव्हा शाईसुद्धा त्यांनी खटपट करून स्वतः बनवली होती. छापणाऱ्याने शाईची पारख करावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

वडाळ्याचे उदाहरण घ्या. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, असे हजारो मुंबईकर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जातात. त्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. विठोबाची छापखान्यातली तसबीर घरी आणली आणि पूजेच्या वेळी तिच्यावर पाण्याचा थेंब पडला, तर हलक्या हाताने पुसता येतो. तेलात घोटलेल्या कणांची ती शाई असते. तीच तसबीर घरच्या यंत्रावर डाय शाईने साध्या कागदावर छापा आणि ओले बोट लावा, विठोबाचा पितांबर बोटाला लागेल. उन्हात मात्र छापखान्याची शाईदेखील विटते, म्हणून कोणतीही तसबीर थेट उन्हात टांगू नये.

घरच्या अनेक यंत्रांत काळी शाई पिगमेंटची व रंगीत शाया डायच्या असतात. आपल्या यंत्राच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचावे. दोन जातींच्या शाया एकमेकींत कधीही मिसळू नयेत, यंत्राची बारीक छिद्रे बुजतात.

कागद घेताना

कागदाच्या पुड्यावर ‘जीएसएम’ असे लिहिलेले असते. एक चौरस मीटर कागदाचे ते ग्रॅममधले वजन. अर्ज-दाखल्यांचा कागद ७० ते ८० चा, फोटोचा साधारण १८० ते २६० चा, निमंत्रणाच्या कार्डाचा २०० ते ३०० चा असतो. आपले यंत्र किती जाड कागद ओढते, हे पुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

पण नुसत्या जाडीवर जाऊ नये. कागदावर शाई पिऊन धरणारा लेप हवा. छापखान्यात चालणारा गुळगुळीत आर्ट पेपर घरच्या शाईच्या यंत्रात घातला, तर शाई वाळतच नाही, हात लागताच फराटा उठतो. फोटोच्या चकचकीत कागदातही स्वस्त जातीवर पिगमेंट शाई नीट बसत नाही, खरवडून निघते. पिगमेंट शाई असेल तर बिनचमकेचा, म्हणजे मॅट कागद सर्वांत बिनधोक. लेपाची बाजू कोणती, हे कळत नसेल तर किंचित ओल्या बोटाने कोपरा दाबावा. चिकटल्यासारखी लागते ती छापायची बाजू.

एक इशारा. लेसर यंत्रात शाई नसते, भुकटी असते व ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवली जाते. शाईच्या यंत्राचा फोटो कागद लेसर यंत्रात घालू नये. लेप आत वितळून चिकटला, तर दुरुस्तीचा मोठा भुर्दंड बसतो.

हातकागदही विसरू नका. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे. अशा कागदाला कापसाच्या चिंध्यांचा लगदा वापरतात, म्हणजे हा आपल्याच शेतातला माल. बारशाच्या निमंत्रणाला तो फार शोभतो. मात्र त्यावर शाई फुटू शकते, म्हणून आधी एक तुकडा छापून पाहावा आणि कागदावरचे सुटे तंतू झटकून घ्यावेत.

काय घरी छापावे, काय नाही

लग्नाच्या पाचशे पत्रिका घरी छापू नयेत. छापखान्यात खर्च सुरुवातीच्या प्लेटचा व जुळणीचा असतो, तो पाचशे प्रतींवर विभागला जातो. मुंबईत वडाळ्याच्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून असे छापखाने आहेत, तालुक्याच्या गावीही असतात. पण साखरपुडा, बारसे, डोहाळजेवण यांच्या पंचवीस-तीस पत्रिका घरीच परवडतात. त्या महिन्याभरात बाजूला पडायच्या, म्हणून डाय शाई चालेल. जाड कार्डाची घडी घालण्यापूर्वी बोथट सुरीच्या पाठीने रेघ ओढावी. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावे आणि जिकडे सहज वाकते तिकडेच घडी घालावी, म्हणजे ती तडकत नाही.

भिंतीवरच्या फोटोला मात्र काटकसर करू नये. पिगमेंट शाई नसेल, तर त्या एका फोटोपुरती स्टुडिओतून चांगल्या फोटो कागदावर प्रत करून घ्यावी. ४ बाय ६ इंची स्वच्छ फोटोला १२०० गुणिले १८०० बिंदू तरी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो, म्हणून मुलांना तो ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायला सांगावे.

पावसाळा आणि पारख

वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, तशीच ओल कागदही ओढतो आणि मग तो वाकतो, यंत्रात अडकतो. कोकणातल्या व घाटमाथ्यावरच्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, लागेल तेवढाच बाहेर काढावा. छापलेला फोटो दिवसभर वाळू द्यावा. चौकटीत घालताना काच फोटोला टेकू नये, कडेने पुठ्ठ्याची पट्टी द्यावी. चुलीच्या धुरापासून तो दूर ठेवावा. उन्हाळ्यात यंत्र बंद राहिले तर शाई छिद्रांत वाळते, म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढावे.

नवे वाण आपण आधी एका वाफ्यात लावून पाहतो. शाई-कागदाचेही तसेच करा. एक छोटे चित्र छापा, त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन महिने ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भागांत फार फरक दिसला, तर ती जोडी भिंतीवरच्या फोटोसाठी घेऊ नका.

आणि एक काम लांबवू नका. आजीचा एकुलता एक फोटो असेल, तर दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, चमक न येईल असा, मोबाईलवर त्याचा फोटो घ्या. तो दोन ठिकाणी जपून ठेवा. भिंतीवर नवी प्रत लावा आणि मूळ फोटो कोरड्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवा. भिंतीवरची प्रत विटली तर पुन्हा छापता येते. मूळ फोटोच विटला आणि त्याची नक्कल कुठेच नसली, तर आजीचा चेहरा नातवंडांना कशावरून दाखवणार?