पाण्यावर राहून कोरडी राहणारी नाव



लाकडी होडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खाडीच्या काठची काळपट, तेल प्यायलेली होडी उभी राहते. उन्हाळ्यात डागडुजीसाठी वाळूवर ओढून ठेवलेली ही होडी पुन्हा पाण्यात लोटली, की पहिले काही तास ती सांध्यांतून पाणी घेते. नवखा माणूस घाबरतो. जुना नाखवा मात्र स्वस्थ असतो. लाकूड पाणी पिऊन फुगणार, फळीला फळी भिडणार आणि गळती आपली आपण थांबणार, हे त्याला ठाऊक असते. ओलावा हा त्या होडीचा सोबती आहे.

आज मला ज्या होडीविषयी सांगावयाचे आहे, तिची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. ती जन्मभर पाण्यावर राहते. परंतु तिच्या लाकडाला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. एकदा पाणी आत शिरले की लाकूड काळवंडते, वरचे कवच सुटू लागते आणि होडीचा ऱ्हास सुरू होतो. ही होडी म्हणजे सीडरच्या पट्ट्यांची कनू. कॅनडात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हौशी माणसे ती आपल्या घरी, मोटार ठेवण्याच्या खोलीत बांधतात. ती कशी बांधतात आणि शेवटी तिच्या अंगावर जे हात फिरवतात त्यांना एवढे महत्त्व का, हे आज आपण पाहू.

‘कनू’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांचा. स्पॅनिश खलाशांनी तो युरोपात नेला. उत्तरेकडील अरण्यांतील आदिवासींची कनू भूर्जाच्या सालीची असे. आतून सीडरच्या पातळ पट्ट्या व वाक, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि सांध्यांवर राळ, अशी तिची घडण. त्या प्रदेशात एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाताना मधली वाट होडी खांद्यावर घेऊन चालावी लागते. तेथे हलकेपणा ही चैन नसून गरज असते. १८५० नंतरच्या दशकात ऑन्टॅरिओ प्रांतातील पीटरबरोचे जॉन स्टीफन्सन आणि शेजारच्या लेकफील्डचे टॉमस गॉर्डन हे कारागीर साच्यावर फळ्या बसवून कनू बांधू लागले. पुढे फळ्यांच्या जागी अरुंद पट्ट्याही आल्या. पण त्यांना धरून ठेवण्यासाठी आतून वाक हे हवेतच. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंचे कापड आणि कृत्रिम राळ बाजारात आली, आणि वाकांची गरजच उरली नाही. मिनेसोटातील शर्यतपटूंनी ही रीत उचलून धरली. १९८३ साली टेड मूर्स व मेरिलिन मोर यांचे ‘कनूक्राफ्ट’ हे पुस्तक निघाले आणि ती घरोघरच्या हौशी हातांपर्यंत पोचली. पीटरबरो येथे आज कनूंचे एक मोठे संग्रहालय उभे आहे.

नोकरीनिमित्त काही वर्षे मी त्याच प्रांतात होतो. माझे शेजारी निवृत्त सुतार होते. त्यांच्या देखरेखीखाली दोन हिवाळे खर्चून मी सोळा फुटी कनू बांधली, म्हणून हे चार शब्द अनुभवाचे.

प्रथम लाकूड. पश्चिम किनाऱ्यावरचा तांबडा सीडर यासाठी घेतात. नाव सीडर असले तरी हा खरा सीडर नव्हे. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार. या तांबड्या सीडरचे वजन घनफुटाला सुमारे २३ पौंड, तर आपल्या सागाचे सुमारे ४१ पौंड. त्याचे तंतू सरळ असतात आणि ओल्या-कोरड्या हवेत तो फारसा फुगत-आकसत नाही. फळीतून पाव इंच जाड व पाऊण इंच रुंद अशा लांबच लांब पट्ट्या कापतात. प्रत्येक पट्टीची एक कड गोलसर व दुसरी खोलगट करतात. त्यामुळे होडीच्या वळणावरही एक पट्टी दुसरीच्या कुशीत फट न ठेवता बसते.

नंतर साचा. लांब, सरळ ओंडक्यासारख्या पेटीवर एकेक फुटाच्या अंतराने प्लायवूडचे आडवे साचे उभे करतात. होडी पालथी घालून मध्ये-मध्ये कापली तर जे छेद दिसतील, त्यांच्याच आकाराचे हे साचे. ते एका रेषेत नसतील तर पुढचे सारे श्रम वाकडे जातात; म्हणून दोरा ताणून, डोळा लावून ते पुन्हा पुन्हा तपासतात. साच्यांच्या कडांना चिकटपट्टी लावतात, म्हणजे गोंद साच्याला धरत नाही. मग काठापासून तळाकडे एकेक पट्टी गोंद लावून चढत जाते. अशा साठ-सत्तर पट्ट्या लागतात. तळाशी दोन्ही बाजू जवळ येतात तेव्हा मध्ये पिंपळपानासारखी निमुळती जागा उरते. तीत बसणारी प्रत्येक पट्टी रंध्याने तासून तासून जुळवावी लागते. शेवटची पट्टी बसली त्या रात्री शेजारीणबाईंनी केक करून आणला होता.

येथवर झाले ते निम्मे काम. पुढचे निम्मे काम म्हणजे अंग सारखे करणे, कवच चढवणे आणि व्हार्निश.

रंध्याने व पॉलिश पेपरने होडीचे अंग घासताना डोळ्यांपेक्षा तळहातावर अधिक भरवसा ठेवावा लागतो. डोळे मिटून हात फिरवला की उंचवटा कळतो. दिवा बाजूला, खाली धरला की खळग्याची सावली पडते. येथे एक इशारा द्यावयास हवा. तांबड्या सीडरची बारीक धूळ छातीत गेल्यास काहींना दमा जडतो. तेव्हा नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधल्याखेरीज घासू नये.

आता कवच. घासलेल्या अंगावर काचतंतूंचे पातळ कापड अंथरून त्यावर इपॉक्सी ही कृत्रिम राळ पसरतात. राळेत भिजताच पांढरे कापड पाहता पाहता अदृश्य होते आणि खालचे लाकूड मधासारखे झळकू लागते. पहिला हात कापड भिजविण्यासाठी, दुसरा विणीतील खळगे भरण्यासाठी, तिसरा वरचा थर समतल करण्यासाठी. मग होडी साच्यावरून उतरवून आतूनही असेच कवच देतात. पाव इंची लाकडाला बळ येते ते येथे. खोक्याचा पुठ्ठा आठवा. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी कागद. एकेकटा कागद लुळा, पण तिन्ही मिळून ताठ. होडी वाकू लागली की एका बाजूचे कवच ताण सोसते, दुसऱ्या बाजूचे दाब सोसते आणि मधले लाकूड दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवते. कवच लाकडापासून सुटले तर हे बळ गेले.

इपॉक्सी दोन द्रव्ये मिसळून होते आणि त्यांचे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. दुसरे द्रव्य जास्त घातले की राळ लवकर वाळते, असे नवशिक्यास वाटते. तसे होत नाही. ती कायमची चिकट व कच्ची राहते. खोल भांड्यात बरीच राळ एकदम कालवली तर ती स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. ओली राळ उघड्या हाताला लागू देऊ नये. काहींच्या कातडीला तिचे वावडे जडते आणि ते सहसा सुटत नाही.

येथे माझी चूक सांगतो. शेजारी म्हणाले होते, ‘‘राळ लावायची ती दुपार कलल्यावर, हवा थंड होऊ लागली की. सकाळी नको.’’ मला ते जुन्या माणसाचे वेड वाटले. एका रविवारी सकाळीच मी आतले कापड भिजवले. दहाच्या सुमारास दारातून ऊन आले, लाकूड तापले, त्याच्या छिद्रांतली हवा फुगली आणि ओल्या राळेतून बुडबुडे वर येऊ लागले. उजव्या कुशीत हातभर लांबीचा पांढरट पट्टा उठला. संध्याकाळी लाकूड थंड होत असते. त्यातली हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते. एवढा साधा नियम, पण मी तो होडीवर लिहून ठेवला!

तेवढा भाग कापून काढून मी तेथे नवे ठिगळ लावले, पण खूण राहिली. रंग देऊन ती झाकावी, असे मनात आले. शेजारी एवढेच म्हणाले, ‘‘रंग दिलास तर खाली पाणी शिरले तरी तुला दिसणार नाही.’’ त्या एका वाक्यात या होडीचे सारे शास्त्र आहे. व्हार्निश पारदर्शक असते. लाकडावर काळा ठिपका उठला की तो लगेच नजरेस पडतो आणि वेळीच औषध करता येते.

शिवाय व्हार्निशचे काम चमक आणण्याहून मोठे आहे. इपॉक्सीला पाण्याचे भय नाही, पण उन्हाचे आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ती पिवळी, ठिसूळ होत जाते. म्हणून ते किरण अडविणारे जहाजी व्हार्निश लागते. आधी वाळलेल्या राळेवर आलेली मेणचट साय पाण्याने धुऊन काढावयाची, मग पॉलिश पेपरने चकाकी मारावयाची आणि त्यावर पातळ असे निदान तीन हात द्यावयाचे. प्रत्येक दोन हातांमध्ये पुन्हा हलके घासावयाचे. पाणी राळ अडविते, ऊन व्हार्निश अडविते आणि दोघांच्या आड लाकूड कोरडे राहते.

पुढेही ही होडी लक्ष मागते. खडकाचा ओरखडा लाकडापर्यंत गेला तर ती जागा पुरती वाळवून लगेच राळेने बुजवावी. होडी सावलीत, जमिनीपासून उंच, पालथी ठेवावी. व्हार्निश निस्तेज दिसू लागले की नवा हात द्यावा. आपला नाखवा दर मोसमात होडीला तेल पाजतो, त्याच निष्ठेने हे करावयाचे.

या कामाला दोनशे-तीनशे तास सहज लागतात. प्लॅस्टिकची होडी एका दिवसात विकत मिळते आणि तिची काळजीही घ्यावी लागत नाही. मग हा खटाटोप कशासाठी, असे मला पुष्कळांनी विचारले. माझी कनू तयार झाली तेव्हा तिचे वजन पंचवीस किलो भरले. वसंतात बर्फ वितळल्यावर मी ती एकट्याने खांद्यावर घेतली आणि सरोवरात उतरवली. बसल्या जागी उजव्या कुशीतली ती खूण माझ्या गुडघ्याशी येत होती. वल्हे मारता मारता मी तिच्याकडे पाहिले. सभोवार पाणी होते आणि तिच्याखालचे लाकूड कोरडे होते.