डोंगरउताराची माती व मिंडानाओ बेटांतील एक ख्रिस्ती मिशन

महसूल खात्याच्या कारकुनींत माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं. या अवधींत हजारों उतारे हातांखालून गेले. प्रत्येकांत सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा व पीक यांचे रकाने भरलेले असत. परंतु जमिनींत माती किती खोल आहे, हें लिहिण्यास रकाना कोठेंच नव्हता. मावळांतील एका गांवीं पीकपाहणीच्या वेळीं एका वृद्ध शेतकऱ्यानें मला आपल्या वरकस जमिनीवर नेलें. कागदोपत्रीं तीन एकर क्षेत्र पूर्ववत् होतें. जागेवर मात्र कातळ उघडा पडला होता, व दगडांच्या खांचींत तेवढी नाचणी उभी होती. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या बापाच्या वेळेला इथं नांगर शिरत होता, आतां कुदळ वाजते. तुम्ही तीन एकर लिहा. जमीन ओढ्यानं नेली." मीं तीन एकरच लिहिलें. दुसरें कांहीं लिहिण्याची सोय नव्हती.

ही गोष्ट मनांत घर करून राहिली होती. निवृत्तीनंतर वाचन करीत असतां, नेमका हाच प्रश्न फिलिपाईन्स देशांत एका ख्रिस्ती मिशननें हातीं घेतल्याची हकीकत वाचण्यांत आली. डोंगरउतारावर जमीन असणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंस ती उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

ख्रिस्ती मिशनें व शेती यांचा संबंध आपल्याकडे नवा नाहीं. सॅम हिगिनबॉटम या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानें १९१० मध्यें अलाहाबादेजवळ नैनी येथें कृषिसंस्थेचा पाया घातला. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत पाणलोट विकासाचें जें मोठें काम झालें, त्यांत फादर हर्मन बाखर या स्विस जेसुइट धर्मगुरूंचा पुढाकार होता. मिंडानाओचें उदाहरण निवडण्याचें कारण इतकेंच कीं, तेथील उपाय एकट्या शेतकऱ्यास काठी, दोरी व बियाणें एवढ्या सामग्रीवर करतां येतो.

कार्याचा आरंभ

मिंडानाओ हें फिलिपाईन्सच्या दक्षिणेकडील मोठें बेट. तेथें जंगल तोडून डोंगराच्या उतारावर मका पेरण्याचा प्रघात पडला. पहिलीं कांहीं वर्षें पीक चांगलें येई. पुढें पावसानें माती धुऊन नेली कीं कणसें बोटाएवढीं येऊं लागत, व शेतकरी नवा उतार शोधी. हॅरॉल्ड वॉटसन हे अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याचे रहिवासी, बाप्टिस्ट पंथाचे कृषि-मिशनरी. ते १९६५ मध्यें फिलिपाईन्सला गेले व १९७१ मध्यें आपो पर्वताच्या पायथ्याशीं, बनसालन येथें, मिशनचें ग्रामजीवन केंद्र निघालें. धर्मप्रसार हा मिशनचा हेतु होताच. तो झांकण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याच्या घरीं अन्न नाहीं त्यास केवळ उपदेश करणें पुरेसें नाहीं, अशी त्यांची धारणा होती. आणि सल्ला देण्यापूर्वीं त्यांनीं शेतकऱ्यांची अडचण ऐकून घेतली. पीक दरवर्षीं घटतें, ही सर्वांची तक्रार होती. तिचें मूळ मातींत, किंबहुना माती नाहींशी होण्यांत, आहे हें वॉटसन यांनीं ओळखलें. १९७८ मध्यें केंद्राच्या चढाव जमिनीवर त्यांनीं प्रयोग मांडला. वॉर्लितो लाकिहोन या फिलिपिनो सहकाऱ्यांचें त्यांना मोठें साहाय्य झालें.

पद्धति

प्रथम समपातळीच्या रेषा आंखावयाच्या. त्यासाठीं दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकांस एकत्र बांधून खालीं फांकवाव्या, मध्यें एक आडवी काठी बांधावी, आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणें सोडावी. ही चौकट जमिनीवर ठेवून, दोरी आडव्या काठीवर जेथें टेंकते तेथें खूण करावी. मग दोन्ही पाय एकमेकांच्या जागीं ठेवून दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळींत आहेत असें समजावें. अशा रीतीनें चौकट पुढें पुढें नेत खुंट्या ठोकीत गेलें कीं रेषा तयार होते.

पुढें चार-पांच मीटर अंतरावरील या रेषांवर सुमारें एक मीटर रुंद पट्टा नांगरून, अर्ध्या मीटरच्या अंतरानें दोन तासांत शेंगवर्गीय झुडपांचें बीं दाट पेरावयाचें. आरंभीं यासाठीं तिकडे ज्यास इपिल-इपिल म्हणतात तें झुडूप घेतलें. तें म्हणजे आपलें सुबाभूळ, ज्याचा प्रसार आपल्याकडे उरुळीकांचनचे मणिभाई देसाई यांच्या संस्थेनें केला. ओळी वाढल्यावर सुमारें महिन्यानें त्या कमरेच्या उंचीवर छाटून पाला पिकाच्या मुळाशीं पसरावयाचा, हेंच खत. दर तिसऱ्या पट्ट्यांत कॉफी, कोको, केळी, लिंबूवर्गीय फळें अशीं कायम पिकें, व मधल्या दोन पट्ट्यांत मका, भात, कडधान्यें आळीपाळीनें. काडीकचरा व दगड ओळींच्या बुडाशीं रचावयाचे. वरून येणारी माती तेथें अडते, व कांहीं वर्षांत उताराच्या आपोआप पायऱ्या बनतात.

याचें फळ काय, तें केंद्रानें मोजलें. पूर्वीच्या रीतीनें कसलेल्या उतारावरून दर हेक्टरीं वर्षाला सुमारें १९४ टन माती वाहून गेली. झुडपांच्या ओळींच्या जमिनींतून ३.४ टन. आपल्या हिशेबानें पहिल्या जमिनींत एकरीं पाऊणशें टनांहून अधिक, तर दुसरींत दीड टनाहून कमी. पहिल्या प्रकारें दहा वर्षें गेलीं तर नांगराच्या तासाएवढा थर नाहींसा होतो. मावळांतील त्या वृद्धाचें बोलणें अक्षरशः खरें होतें.

संकट व मर्यादा

१९८५ मध्यें वॉटसन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षीं फिलिपाईन्समध्यें सुबाभळीवर रस शोषणाऱ्या बारीक किडीची धाड आली. ओळी निष्पर्ण झाल्या. (पुढें १९८८ मध्यें हीच कीड भारतांतहि आली.) केंद्रानें पद्धति सोडली नाहीं, गिरिपुष्प, फ्लेमिंजिया, डेस्मोडियम अशीं निरनिराळीं झुडपें घेतलीं. एकाच झाडावर सर्व भरंवसा ठेवूं नये, हा धडा त्यांतून मिळाला. ओळींच्या पाल्यावर शेळ्या पाळण्याची दुसरी पद्धतिहि त्यांनीं बसविली.

ही जादू नव्हे, हें केंद्रानें स्वतःच सांगितलें आहे. छाटणीला मजुरी लागते, ओळींखालीं जागा जाते, आणि फळ दिसण्यास वर्षें जातात. आपल्याकडे कमी पावसाच्या भागांत ओळी पिकाशीं पाण्यासाठीं झगडतील. तेथें त्या विरळ ठेवाव्या. सुबाभळीस शेंगा धरूं देऊं नयेत, नाहीं तर तेंच तण होऊन बसेल.

परंतु मोठी अडचण निराळीच आहे. जमीन आपली नाहीं, किंवा पुढील वर्षीं हातांत राहील कीं नाहीं ठाऊक नाहीं, असा मनुष्य तीन वर्षांनीं उपयोगीं पडणारें झुडूप कां लावील? आपल्याकडे कूळ लागेल या भीतीनें कित्येक मालक डोंगराची जमीन एका वर्षाच्या तोंडी बोलीनें वाट्यास देतात. कसणारा एका पिकापुरता पाहतो, मालक वाट्यापुरता पाहतो, आणि मातीकडे कोणीच पाहत नाहीं. उताऱ्यावर मालकाचें नांव असल्यानें हें काम त्याचेंच आहे. ओळंब्याच्या चौकटीस खर्च नाहीं. बियाणें व पहिल्या दोन वर्षांची मजुरी मालकानें सोसावी, आणि छाटणीचा पाला कसणाऱ्याच्या पिकासाठीं शेतांतच राहूं द्यावा. पहिल्या वर्षीं एकाच पट्ट्यावर प्रयोग केला तरी पुरे.

येत्या पावसाळ्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या चढाव नंबरांत एकदां कुदळ घेऊन जावें, चार ठिकाणीं खणून मातीची खोली पाहावी, व ती घरच्या वहींत तारीख घालून लिहून ठेवावी. सरकारी कागदांत तो रकाना नाहीं. आपल्या वहींत असण्यास कोणाची हरकत नाहीं.