संस्थापकापश्चात् संस्था : डोमगांवच्या मठाच्या निमित्तानें

संस्था स्थापणें व संस्था टिकविणें हीं दोन भिन्न कार्यें आहेत. पहिलें एका पुरुषाच्या तेजावर होतें. दुसरें त्याच्या अभावीं व्हावें लागतें. संस्थापक गेल्यावर दप्तराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संग्राहकांस तर नित्याचाच आहे. त्यासाठीं दूरचे दाखले धुंडाळण्याचें कारण नाहीं. आमचें ईट गांव ज्या भूम तालुक्यांत आहे, त्यास लागूनच परंडा तालुका असून त्यांत सीनेच्या कांठीं डोमगांव येथें कल्याणस्वामींचा मठ आहे. त्याच्या निमित्तानें या विषयाचा अन्वयव्यतिरेकानें विचार करण्याचें योजिलें आहे.

श्रीसमर्थ रामदासस्वामी शके १६०३ माघ वद्य ९ स (इ. स. १६८२) सज्जनगडावर समाधिस्थ झाले. आपल्यामागें काय, याची तरतूद त्यांनीं हयातींतच केली होती. महंताचें काम केवळ शिष्य जमविण्याचें नसून, स्वतःच्या तोडीचे महंत घडवून त्यांस प्रांतोप्रांतीं पाठविण्याचें आहे, असा दासबोधाच्या अकराव्या दशकाचा अभिप्राय आहे. तदनुसार उद्धव गोसावी टाकळीस, दिवाकर गोसावी चाफळास व कल्याणस्वामी डोमगांवीं, अशी कार्याची वांटणी झालेली दिसते.

तथापि प्रत्यक्ष सज्जनगडावर काय घडलें? समर्थांच्या निर्वाणानंतर त्याच वर्षीं तेथील व्यवस्थेविषयीं तंटा उपस्थित झाला, व समर्थांच्या आज्ञेप्रमाणें कारभार चालवावा म्हणून छत्रपति संभाजी महाराजांस आपल्या अंमलदारांस लिहावें लागलें. समाधि, अलंकार व उत्पन्न जेथें एकवटलें, तेथेंच अधिकाराचा वाद निघाला, हें आमच्या मतें आकस्मिक नव्हे. हा व्यतिरेक झाला.

अन्वय डोमगांवीं दिसतो. कल्याणस्वामींपाशीं गुरूची गादी नव्हती. गुरूचा ग्रंथ होता. दासबोधाचे लेखक तेच. समर्थांमागें सुमारें ३२ वर्षें त्यांनीं हें कार्य चालविलें व शके १६३६ त (इ. स. १७१४) देह ठेविला. त्यांचे हातची प्रत मठांत राहिली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तीवरून १९०५ सालीं दासबोध छापून प्रसिद्ध केला. म्हणजे दोन शतकें शिष्यपरंपरेनें एक बाड सांभाळिलें, म्हणून आज वाचकांस विश्वसनीय पाठ मिळतो. देवांनींहि हा धडा गिरविला: त्यांनीं जमविलेलीं बाडें कोणा एकाच्या घरीं न ठेवितां धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत ठेविलीं.

अर्वाचीन दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वि. का. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. राजवाड्यांचा स्वभाव प्रखर. पुढें ते मंडळापासून दूर झाले. तरी मंडळ मोडलें नाहीं, कारण दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांसारख्यांनीं चिटणिशी, याद्या, टिपणें हीं निरस कामें वर्षानुवर्षें वाहिलीं. १९२६ च्या ३१ डिसेंबरास राजवाडे वारले. परंतु त्यांचीं टिपणें व कागदपत्र अस्ताव्यस्त होण्यापूर्वींच धुळेकरांनीं १९२७ सालीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभारिलें.

यावरून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न होतात. संग्रहाची यादी संग्राहकानें स्वतः करावी, कारण कोणतें बाड कोठून आलें हें त्यासच ठाऊक असतें. ती यादी दुसऱ्या एकास तरी वाचतां यावी. आणि अधिकार व द्रव्य कोणाकडे जाईल हें लेखी ठरवावें. तोंडी आज्ञेचा अर्थ प्रत्येक शिष्य निराळा करितो.

आमच्या भागांत जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप कित्येक पोथ्या रुमालांत बांधलेल्या आहेत. त्यांचे धनी बहुधा आमच्याच वयाचे. पुढील पावसाळ्यापूर्वीं त्यांनीं रुमाल सोडून, घरांतील एखाद्या तरुणास शेजारीं बसवून, यादीस आरंभ करावा, इतकेंच आमचें मागणें आहे.